कालवण कुणी केलं?

"हे कालवण कुणी केलंय?"

हातात वाटी घेऊन एक पाहुणी थेट स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्हा सगळ्यांच्या माना आपोआप खाली गेल्या. आमच्या हॉटेलात हा प्रश्न फक्त शेफ विचारायचा, आणि पाठोपाठ भांडं भिरकावलं जायचं. कालच सुगंधाच्या खांद्यावर झारा बसला होता. तिच्या तांदळाच्या भाकरीसाठी लोक लांबून येतात, आणि ती हल्ली दाराकडे बघत बघत भाकरी थापते.

कालवण रोशनने केलं होतं. तो भिंतीला चिकटून पुटपुटला, "मी नाही."

"मीच केलंय, मॅडम," तिची चाटूनपुसून लख्ख झालेली वाटी बघून शेफ हात पुसत पुढे आला. त्याने तर दुपारपासून डावाला हातसुद्धा लावला नव्हता.

"इतकं सुरेख कोलंबीचं कालवण मी आजवर खाल्लं नाही! आणखी मिळेल?"

रोशनचा चेहरा पडला. शेफ हसत हसत ती वाहवा पदरात पाडून घेत होता. पातेलं मात्र रिकामं झालं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मॅडम, थांबा ना. शेफ आत्ता तुमच्यासमोर करतील." आणि डाव त्याच्या हातात कोंबला.

पाहुणी खूश होऊन आत आली. शेफने कोलंबीकडे पाहिलं, वाटणाकडे पाहिलं. मग तो कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाला, "रोशन, आधी काय घालतोस रे?"

रोशनने मान वर केली.

"मला काय माहीत, शेफ? मी नाही केलं."