कालिंदीची चौकशी

साखर बांधता बांधता किराणावाल्या काकासाहेबांनी कालिंदीला सहज सांगितलं, की काल एक बाई दुकानात येऊन तिच्याबद्दल विचारून गेली. सामान पूर्वीइतकंच नेते का, तेल कमी केलंय का, असलं काहीबाही. नऊवारी होती, बोलणं तालुक्याकडचं. याहून जास्त त्यांना आठवत नव्हतं.

कालिंदी पिशवी घेऊन घरी आली, पण मनातून ते जाईना.

सिडकोतल्या त्या गल्लीत तिची नोकरी गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलंच तर सध्या घरूनच काम चालतं, असं ती सांगायची. खरं तर परदेशातून येणारा पैसा थांबला आणि तिच्या मदत संस्थेच्या ऑफिसला दिवाळीनंतर कुलूप लागलं. त्याआधी कितीतरी वर्षं पूर आला, गारपीट झाली की ती गंगापूर तालुक्यातल्या नदीकाठच्या वस्त्यांत घरोघर फिरायची, डबे-चूल बघायची. कुठलं घर पात्र, धान्य कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे तिच्या शब्दावर ठरायचं.

संध्याकाळी जुन्या ऑफिसातल्या प्रेरणाचा फोन आला. गोदामातली ब्लँकेटं कमी भरली होती. किल्ली ज्यांच्याकडे असायची त्यांची गुपचूप चौकशी होणार, असं तिच्या कानावर आलं होतं.

किल्ली कालिंदीकडे असायची.

आता त्या बाईचा उलगडा झाला. कन्नडच्या एका संस्थेनं कालिंदीला नोकरीसाठी भेटायला बोलावलं होतं. ते लोक जुन्या साहेबांना विचारल्याशिवाय राहणार नव्हते. एकदा नावाला डाग लागला, की या कामात तिला पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं.

मग दूधवाला म्हणाला, मलाही विचारलं. दूध कधीपासून कमी केलं म्हणून. त्यानंतर कॉलेजातून आलेल्या मनस्विनीनं सांगितलं, की बसस्टॉपवर एका बाईनं डब्यात काय नेलंस ते विचारलं. तिनं पोळी आणि चटणी सांगून टाकलं होतं.

"अनोळखी बाईला कशाला सांगायचं?"

"खोटं काय सांगायला हवं होतं, आई?"

कालिंदीनं तिचा डबा घासायला घेतला. नवरा गेल्यापासून त्या दोघीच होत्या, आणि लेकीशी ती सहसा चढ्या आवाजात बोलत नसे.

नाशिकहून भाऊ लक्ष्मण रोज एकच सांगत होता. घर बंद कर, इकडे ये, माझ्या क्लासचं ऑफिस सांभाळ. तिनं बॅगा काढल्यासुद्धा. एक भरून झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आत्ता गेलो तर पळून गेल्यासारखंच दिसेल. तिनं कपडे परत कपाटात लावले. कन्नडला नाही तर नाही, पण चोर म्हणून हे शहर सोडायचं नाही.

रविवारी दुपारी ती बाईच दारात उभी राहिली. पन्नाशीची, धुळीनं भरलेल्या चपला. नाव सत्यभामा, एवढंच म्हणाली. नजर कालिंदीच्या खांद्यावरून घरात.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"ते मागून सांगते. आधी घर बघू द्या."

कालिंदी दारातून बाजूला झाली. "बघा. दिवाण उघडा, माळा उघडा. एक ब्लँकेट सापडलं तर मी स्वतः पोलिसांत येते."

सत्यभामा दिवाणाकडे गेली नाही, माळ्याकडे तर तिनं पाहिलंही नाही. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. एकेक डबा उघडून तिनं आत वाकून पाहिलं. पिठाचा डबा हलवला. गॅसची शेगडी पेटवून पाहिली, ती पेटली नाही. मनस्विनी मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहिली. आपली इतकी शोभा आजवर कुणी केली नव्हती, असं कालिंदीला वाटलं.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

सत्यभामानं पदराला हात पुसले. ती गॅलरीत गेली. कालिंदी तिच्या मागोमाग गेली. खाली गंगापूरची काळी-पिवळी जीप उभी होती. टपावर पोती बांधलेली, आणि जीपभोवती नदीकाठच्या वस्तीतल्या बाया माना वर करून बघत होत्या.

"कडुबा, काढ पोती," सत्यभामानं वरून जीपवाल्याला सांगितलं. "ताईचं घर पात्र हाय."