चिठ्ठ्या लावलेलं पुस्तक

सर बोलायला उठले तेव्हा त्यांच्या हातातल्या पुस्तकातून चिठ्ठ्यांची झालर लोंबत होती. पिवळी चिठ्ठी म्हणजे चूक, गुलाबी म्हणजे घोडचूक. कौतुकासाठी पांढरी ठरवली होती, पण तिची वेळच आली नव्हती.

पुस्तक चिमणीचं होतं. चिमणी म्हणजे सरांची एकेकाळची विद्यार्थिनी. आता तीही प्राध्यापक, पण सरांच्या तोंडी अजून चिमणीच. या वाचनालयाची रीत अशी, की स्वतःच्या पुस्तकाबद्दल कुणी बोलायचं नाही. आपल्या लेकराचं कौतुक काय, कुणीही करतं. तेव्हा दोन अभ्यासक बोलवायचे आणि एकाने दुसऱ्याचं पुस्तक साध्या वाचकांना समजावून सांगायचं. शेवटी वाचक हात वर करून एक पुस्तक निवडत आणि ते वर्षभर सगळे मिळून वाचत.

सरांना ते वर्ष हवं होतं. त्यांच्या 'कुलुपांचा सामाजिक इतिहास' या ग्रंथाचे गठ्ठे अजून पलंगाखालीच होते आणि बायको रोज त्यांना वळसा घालून केर काढत होती. चिमणीच्या 'किल्ली कुणाकडे?'ची मात्र दुसरी आवृत्ती निघाली होती. विषय तोच, कुलुपांचा. सरांनीच तिला दिलेला.

चिमणीचं बोलून झालं होतं. ती 'व्यासंग' म्हणाली, 'मैलाचा दगड' म्हणाली, 'आम्हा सगळ्यांचे वाटाडे' म्हणाली. पोरगी त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेपुढे सरकलेली नाही, हे सरांनी दुसऱ्याच वाक्याला ओळखलं. ती प्रस्तावना त्यांनीच तर लिहिली होती. पण स्तुती ती स्तुती, फुकटची कोण सोडतं? मागच्या रांगेतल्या एका आजोबांची मान छातीवर पडली होती, तिकडे सरांनी काणाडोळा केला.

"पुस्तक वाचनीय आहे," सरांनी सुरुवात केली. विद्वानांच्या बाजारात याहून स्वस्त शब्द मिळत नाही, आणि त्यांनी तो घरून घोटून आणला होता. "आता जरा खोलात जाऊ. बाई लिहितात, कुलूप चोरासाठी नसतं, घरच्यांसाठी असतं."

सभागृहात खसखस पिकली.

"हसू नका, पुरावा बघा. म्हणे, घराच्या दाराला कडी धड नव्हती आणि आतल्या पेट्यांना मात्र दोन-दोन कुलुपं! आणि हे सांगतंय कोण, तर घरातल्या सुना! त्यांची पत्रं! सासू साखरेच्या डब्याला कुलूप लावते म्हणून सुनेनं माहेरी रडगाणं लिहिलं, ही काय इतिहासाची साधनं झाली?"

"झाली की!" पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या. "आमच्याकडे बिस्किटांच्या डब्याला होतं."

"काकू, तुमचा डबा अपवाद असेल."

"अपवाद कसला? माझ्या जावेला विचारा, ही काय शेजारीच बसलीये."

जावेने जोरात मान हलवली. आजोबा जागे झाले.

सर तापले. चिठ्ठीमागून चिठ्ठी निघू लागली. "आता ही लबाडी बघा. एका घरात नवरा गेल्यावर बायकोच्या हाती किल्ल्या आल्या. तिनं काय केलं, तर घरातलं एकूण एक कुलूप उघडून ठेवलं. आणि महिना उलटायच्या आत सगळी परत लावली! का लावली? हे बाई तिथं सांगतच नाहीत. थेट शेवटच्या प्रकरणात सांगतात. वाचकाला असं टांगून ठेवायचं?"

"का लावली?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते मी सांगणार नाही," सर कडाडले. "मी पण टांगून राहिलो होतो!"

टाळ्या पडल्या. कशाला पडल्या ते सरांना कळेना. उभ्या आयुष्यात वर्गात त्यांना टाळी मिळाली नव्हती, आणि एकदा मिळाल्यावर थांबणं त्यांच्या हाती राहिलं नाही. त्यांनी तळटीपा सोलून काढल्या. सुनांची पत्रं वाचून दाखवली, तीही सासूचा आवाज काढून. चिमणी आ वासून ऐकत होती.

मग ग्रंथपालांनी हात वर करायला सांगितलं. सरांच्या ग्रंथासाठी मोजके हात आले, तेही कोपरात वाकलेले. 'किल्ली कुणाकडे?' म्हणताच सभागृहात हातांचं रान माजलं. त्यात सरांच्या बायकोचाही हात होता.

"अगं, तूसुद्धा?" खाली उतरल्या उतरल्या सरांनी तिला गाठलं.

"अहो, त्या बाईनं कुलुपं परत का लावली ते कळायला नको? तुम्ही काही घरी सांगणार नाही."

तेवढ्यात चिमणी डोळे पुसत आली. "सर, माझं पुस्तक माझ्या नवऱ्यानंसुद्धा असं वाचलं नाही हो. आणि मी मात्र तुमचं..."

"असू दे," सर म्हणाले. "प्रस्तावना चांगली लिहिलीये मी."

डब्यावाल्या काकू नवीकोरी 'किल्ली कुणाकडे?' घेऊन मध्ये घुसल्या आणि सरांपुढे उभ्या राहिल्या. "आधी तुमची सही. तुमच्यामुळे घेतलंय."

सरांनी पेन काढलं. चिमणीच्या छापील नावाखाली भरपूर कोरी जागा होती. त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत ऐसपैस सही ठोकली, शाईवर फुंकर मारली आणि पुस्तक चिमणीकडे सरकवलं. चिमणीने खालचा कोपरा शोधला आणि बारीक अक्षरात काहीतरी लिहायला घेतलं. बरंच लिहीत होती.

सर चष्मा नाकावर ढकलून, टाचा उंचावून, ते उलट्या बाजूने वाचायची खटपट करत राहिले.