बनफ्शाची साक्ष

“गुलामाची साक्ष चालत नाही,” काझी म्हणाले, आणि बख्तियारचं तोंड एवढंसं झालं.

मोठ्या तोऱ्यात तो बनफ्शाला मशिदीत घेऊन आला होता. बनफ्शा त्याच्या घरची म्हातारी दासी आणि अख्ख्या मोहल्ल्याची सुईण. आमच्या निशापूरच्या त्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. बख्तियारही त्यांतलाच. पण म्हणून काय झालं? ती विकत घेतलेली बाई. न्यायासमोर तिच्या शब्दाला किंमत नव्हती.

भांडण होतं सौसनचं. बख्तियारचा बाप रेशमाचा व्यापारी, नुकताच वारला. सौसन ही त्याची दासी, त्याच्यापासून गरोदर राहिलेली. म्हाताऱ्याने ते चारचौघांत आनंदाने कबूल केलं होतं. पण दिवस भरायच्या आधीच तिचा गर्भ पडला. आता कायदा असा, की दासीला मालकापासून मूल झालं, मग ते मेलेलं का असेना, तर मालक गेल्यावर ती स्वतंत्र. मात्र जे पडलं त्याला माणसाचा आकार हवा. नुसती रक्ताची गुठळी असेल तर ती दासीच, गालिचे-भांड्यांबरोबर मालकाच्या मुलाच्या वाट्याला जाणारी.

बख्तियारने तिला बल्खच्या एका व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं. ठरवलं काय, तो माणूस उंट लादून दाराशी उभाच होता. तेव्हा सौसनने काझींकडे धाव घेतली. काझींनी सांगितलं, पोटातून काय आलं ते कळेपर्यंत विक्री बंद. आणि ते पाहिलं होतं एकट्या बनफ्शाने. अशा बाबतीत एका सुईणीची साक्ष पुरते. फक्त सुईण स्वतंत्र हवी.

व्यापारी आजच निघणार होता, आणि बख्तियारला धीर धरवत नव्हता. बनफ्शाचा त्याला घोर नव्हता. सकाळीच त्याने तिला बजावलं होतं, गुठळी होती म्हण आणि उरलेलं आयुष्य बसून खा. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. कणीक मळत राहिली. शिवाय तिचं आणि सौसनचं हाडवैर. सौसन मालकाची लाडकी झाली तेव्हापासून म्हातारी तिला उठताबसता ‘आल्या आमच्या बेगमसाहेब’ म्हणून टोचायची, आणि तीही उलटून बोलायची. या तोंडातून सौसनचं भलं कसं निघेल? बख्तियारने सगळं गृहीतच धरलं होतं. मोठा शहाणा.

“मग करतो हिला मोकळी,” तो म्हणाला. “बनफ्शा, आजपासून तू आजाद.”

काझींनी त्याला थांबवलं. हा शब्द थट्टेत निघाला तरी परत घेता येत नाही, हे समजावलं. काही अट आहे का, तेही विचारलं. अट नाही, बख्तियार म्हणाला. भर मशिदीत दुसरं काय म्हणणार होता?

कारकुनाने लिहून घेतलं. दोन भल्या माणसांनी साक्षीदार म्हणून नावं घातली. बनफ्शाने ओढणी सारखी केली आणि गुडघे दाबत काझींसमोर बसली. खांबाआड सौसन मान खाली घालून रडत होती. या म्हातारीकडून तिलाही आशा नव्हती.

“मुलगा होता,” बनफ्शा म्हणाली.

खांबाआड सौसनने मान वर केली.

“बोटं फुटली होती, काझीसाहेब. नखं यायची होती. मी त्याला धुतलं, फडक्यात गुंडाळलं आणि अंगणात डाळिंबाखाली पुरलं. ही पोरगी माझ्याशी कधी सरळ बोलली नाही, मीही हिच्याशी बोलले नाही. पण ते पोर नव्हतंच, असं मी कुणाच्या भाकरीसाठी म्हणायची नाही.”

काझींनी तिला शपथ घातली. तिने तेच पुन्हा सांगितलं, तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. खांबाआडून हुंदका फुटला. मालक वारला त्याच दिवसापासून सौसन स्वतंत्र आहे, असा काझींनी निवाडा दिला.

बख्तियार ताडकन उठला. “मी हिला मोकळी केली ती काय यासाठी? मी केली ती हिने...”

“हिने काय करावं म्हणून?” काझींनी शांतपणे विचारलं, आणि कारकुनाला लेखणी उचलायची खूण केली.

खोटी साक्ष विकत घेणाऱ्याला आमच्याकडे तोंडाला काळं फासून, गाढवावर उलटं बसवून बाजारभर फिरवतात. बख्तियारने ती मिरवणूक पाहिली होती, हसत हसत शेणही मारलं होतं. तो कारकुनाच्या लेखणीकडे बघत राहिला.

“मी हिला मोकळी केली ती बाबांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून,” तो म्हणाला.