आईच्या जागी

साध्या तपासणीला नेलेली बायको गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं, तसा तो तडक लेकीच्या नाचाच्या तालमीला आला.

"बरं झालं आलात, बाबा! माझ्या जागी जरा उभे राहा. मी बसवलेला नाच मला बाहेरून बघायचाय. एरवी आईच उभी राहते."

तो उभा राहिला. मुली त्याच्याभोवती गिरक्या घेऊ लागल्या.

"अहो, खांबासारखे काय? हात तरी वर करा. आईला बघा, कशी ठुमकते!"

मुली खुदखुदल्या. त्याने हात वर केले.

"जमलं एकदाचं!" लेक धावत आली. "उद्या कार्यक्रमाला आईला पुढेच बसवा हं."

"बरं," तो म्हणाला.

नाच थांबला होता, त्याचे हात वरच होते. लेकीला सांगायचं अजून राहिलंच होतं.