पंपाची पूजा

टाकीतले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"कोणी केलं हे?" विद्युलता ओरडली.

दसऱ्याची सुट्टी संपून तमिळ मुलखातली पेरुंगुडीची ती शाळा त्या सकाळीच उघडली होती. नववीची मुलं नाकाला रुमाल लावून मागच्या अंगणात उभी होती. कीर्ती तर हुंदके देत होती. एकेका माशाला तिनं नाव दिलं होतं.

वर्षभर खपून विज्ञान शिकवणाऱ्या विद्युलतानं मुलांकडून हे उभं करून घेतलं होतं. खाली माशांची टाकी, वर खडी भरलेले वाफे. माशांनी घाण केलेलं पाणी पंप वर चढवायचा, त्यावर टोमॅटो आणि पालेभाजी पोसली जायची, आणि निवळलेलं पाणी धो धो खाली पडताना माशांसाठी हवा घेऊन यायचं. पंप थांबला की मासे गुदमरणार, हे तिनं मुलांकडून घोकून घेतलं होतं. तसाच दुसरा नियमही: ओला हात पंपाला लावायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद. मग हात कोणाचाही असो.

आणि आता ते बटण चक्क बंद होतं.

कीर्ती ते चालू करायला धावली.

"खबरदार! कोणीही हात लावायचा नाही. पुरावा आहे तो."

पुरावा कोणाविरुद्ध, हे तिचं ठरून गेलं होतं. खेळाचे सर नारायणस्वामी. या अंगणावर त्यांचा पहिल्यापासून डोळा. त्यांना इथे थ्रोबॉलचं मैदान हवं होतं. शुक्रवारच्या प्रदर्शनात प्रकल्प चमकला तर अंगण माशांचं, नाहीतर थ्रोबॉलचं, असं शाळेनं सांगून ठेवलं होतं. आणि वॉचमन म्हणत होता, सुट्टीत शाळेत आले ते फक्त नारायणस्वामी, बॉलची पिशवी न्यायला. बॉलची पिशवी म्हणे!

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सुट्टी लागली त्या दिवशी सगळ्या शाळेनं केवढ्या थाटात आयुधपूजा केली होती. बसला लिंबं बांधली, सूक्ष्मदर्शकांना कुंकू लावलं. मुलं हट्टाला पेटली म्हणून विद्युलतानं स्वतः चंदन कालवलं आणि पंपाला, जाळीला, बादलीला, अगदी भिंतीवरच्या बटणालाही आपल्या हातानं ठिपके लावले. मग चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल वाटताना जो गलका झाला त्यात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. ज्याची पूजा केली त्यावरच या माणसानं हात टाकावा? माणूस आहे की कोण?

तिनं त्यांना ग्राउंडवरून बोलावून घेतलं. नारायणस्वामी गळ्यात शिट्टी अडकवूनच आले. मूळचे तंजावरचे, घरी जुनी मराठी बोलणारे. एरवी त्या मराठीचं विद्युलताला कौतुक वाटे. आज तिला ती ऐकवेना.

"पंप तुम्ही बंद केलात?"

"नाहीं, मॅडम."

"सुट्टीत दुसरं कोण आलं होतं इथे?"

ते टाकीपाशी गेले. मेलेल्या माशांकडे बघत राहिले. मग भिंतीवरच्या बटणाच्या बोर्डाजवळ वाकले, नीट पाहिलं आणि सरळ झाले.

"पोरांच्या पुढें नको, मॅडम. दोन मिनिटं आफीसांत बोलूं."

"का? लाज वाटते? जे काय बोलायचं ते इथंच, सगळ्यांसमोर!"

"माझं ऐका. आफीसांत."

"नाही म्हणजे नाही!" रागानं तिचा आवाज फाटला. ती मुलांकडे वळली. "सर म्हणतात, त्यांनी केलं नाही. म्हणजे तुमच्यातलं कोणीतरी. पूजेनंतर शेवटी कोण गेलं इथून? कीर्ती, तूच ना? आईवडिलांना बोलाव. आणि खरं नाव पुढे येत नाही तोवर शुक्रवारचं प्रदर्शन विसरा."

"मिस, मी नाही केलं, मिस, प्रॉमिस," कीर्ती म्हणाली.

नारायणस्वामींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा विद्युलताकडे.

"पोरीला सोडा," ते म्हणाले. "मीच बंद केलों."

विद्युलताला वाटलं, याच्या कानाखाली वाजवावी.

मुख्याध्यापिका सीतालक्ष्मींनी त्यांना दोनदा विचारलं. "बोललों ना," एवढंच उत्तर आलं. नोकरी हंगामी. दुपारच्या आत त्यांना जायला सांगितलं गेलं. गेटजवळ थ्रोबॉलच्या मुली रडत होत्या. विद्युलतानं खिडकीतून ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. वर्षाची मेहनत मातीत घालणाऱ्याची दया तिला येणार नव्हती.

राग तिनं कामावर काढला. मुलांनी टाकी घासली, पाणी बदललं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नवे मासे आले. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवून कीर्ती म्हणाली, "मिस, आता पंप लावायचा ना?"

"तू थांब. मी लावते."

तिनं हात कोरडे केले, बोर्डापाशी गेली आणि बोट बटणावर ठेवता ठेवता थबकली.

पूजेच्या दिवशी तिनं लावलेला चंदनाचा ठिपका वाळून घट्ट झाला होता. अर्धा बटणावर, अर्धा बाजूच्या चौकटीवर, आणि मधे केसाएवढीही चीर नव्हती. तो लागल्यापासून बटण कोणी हलवलंच नव्हतं. त्या दिवशी चंदनाचा ओला हात पंपाला लावायच्या आधी, आपल्याच नियमाप्रमाणे, ते बंद केलं होतं तिनंच.