हळदीचे ठिपके

दसऱ्याला वडिलोपार्जित ठासणीच्या बंदुकीची पूजा योगिताचा बा करायचा. यंदा नजर गेली म्हणून लेकीला बोलावलं. तिनं नळीवरच्या कारखान्याच्या शिक्क्यावर हळद चोळून पुसली. एका घावात ठोकलेल्या त्या शिक्क्यात दरवर्षी सलग पिवळी रेघ उरायची. आज सुटे ठिपके उरले. शिक्क्यातल्या सालाच्या आकड्यात चारचं शेपूट डावीकडे वळलेलं. असाच ठिपक्यांचा चार तिच्या लग्नाच्या पेल्यावरच्या तारखेत होता, नवऱ्यानं हौसेनं कोरलेला. तो तलासरीत मशीननं ठिपके पाडत भांड्यांवर नावं घालायचा. गेल्या महिन्यात बंदूक तेलपाणी करायला त्यानंच नेली होती. आता तो झेंडूची माळ घेऊन दारात थबकला. “जावई या जुन्या बंदुकीला गिऱ्हाईक आणत होता, मी विकायला नाही म्हटलं,” बा कौतुकानं म्हणाला. “तरी रागावला नाही. उलट चकाचक करून आणली. शिक्का दिसतो ना नीट?” तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “दिसतो, बा. अक्षर ओळखीचं आहे.”