तिच्या मापाची बंदूक

नळी अर्ध्यावर येऊन अडली.

फ्लोर्स बरेंड्सने हवेच्या बंदुकीचा दस्ता काखेत आवळला आणि उजव्या हाताने नळी पुन्हा खाली ओढली. ती पूर्ण दुमडल्याशिवाय आतली स्प्रिंग ताणली जात नाही आणि छर्राही भरता येत नाही. गेल्या हिवाळ्यात अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्याचा डावा हात नुसता सोबतीला होता. तो नळीवर ठेवलेला होता, एवढंच.

दुकानात पंखा सावकाश फिरत होता. बाहेर कारूच्या ओसाड माळावरची दुपार इतकी पांढरी झाली होती की रस्ता, कुंपण, टेकड्या, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हलत होतं. दुकानदारीण बेट्सी तारेची वेटोळी लावत होती. तिने मुद्दाम पाठ फिरवली.

हीच बंदूक घ्यायची, हे फ्लोर्सने महिनाभर गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. लाकडी दस्ता, मोठा छर्रा, साठ पावलांवरची रानकोंबडी. त्याने आणि बायकोने साठवलेले रँड त्या एकाच बंदुकीपुरते होते. त्याने ती हळूच काउंटरवर ठेवली. हात पँटला पुसला.

"तिच्या मापाची दाखव," तो म्हणाला.

दुसरी कोणी बाई आत आली की काय म्हणून त्याच्या बायकोने, मीताने, मागे वळून पाहिलं.

बेट्सीने तारेचं वेटोळं खाली ठेवलं. आतून एक लहान बंदूक आणली. ही स्वस्त आहे, छर्रा बारीक आहे, पण तीस पावलांवर पारवा आणि ससा पडतो, चर्चच्या जत्रेतले डबेही पडतात, असं तिने सांगितलं. उरलेल्या पैशात वर दुर्बीणही बसेल. फक्त अगदी हलकी दुर्बीण घेऊ नका, स्प्रिंगच्या बंदुकीला दुहेरी झटका असतो, दोन महिन्यांत तिच्या काचा खिळखिळ्या होतात. तिने आखूड, जाड काचेची एक काढून दिली. केरसुणीसुद्धा या बंदुकीहून जड असते, असं फ्लोर्स पुटपुटला. मीताने नळी धरली आणि एका दमात दुमडली. 

दुकानामागच्या परसात भिंतीला टेकवून गवताचा भारा ठेवला होता आणि त्यावर काळ्या ठिपक्याचा कागद. मीता बाकावर बसली. दस्ता खांद्याला लावून तिने दुर्बिणीला डोळा लावला आणि जग एकदम गोल झालं. त्या गोलात उन्हाखेरीज काही नव्हतं. भिंतीची एकेक वीट तरंगत जवळ येत होती आणि लांब जात होती.

"श्वासाने हलतंय ते," फ्लोर्स तिच्या मागे वाकून म्हणाला. "अर्धा श्वास सोड. मग थांब."

तेवढ्यात भिंतीवर पारवा उतरला. तांबूस पंखांवर पांढरे ठिपके असलेला, कोंबड्यांच्या पुढ्यातलं धान्य रोज फस्त करणाऱ्यांपैकी एक. फ्लोर्सला तो नुसत्या पंखांच्या आवाजावरून कळला. तिच्या खांद्यावरचा त्याचा उजवा हात घट्ट झाला.

मीताने नळी इंचभर वर उचलली.

पारवा त्या गोलात आला. इतका जवळ, की हात पुढे केला असता तर त्याची छाती लागली असती. त्याने मान वळवली आणि काचेच्या पलीकडून सरळ तिच्याकडे पाहिलं. पंखा, रस्ता, बेट्सीच्या चपला, सगळे आवाज कुठेतरी लांब गेले. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही.

"सोड अर्धा श्वास," फ्लोर्स कुजबुजला.

तिने सोडला. बोट चापावर होतं. ते तिथेच राहिलं.

"चाळीस वर्षं यांची पिसं काढतेय मी," ती डोळा न हलवता म्हणाली. "डोळे मिटलेलेच असायचे."

पारवा उडाला. गोलात पुन्हा नुसतं ऊन राहिलं.

त्याने तिच्या खांद्यावरचा हात काढला. तिने नळी खाली आणली, कागदावर तीन छर्रे सोडले. दोन काळ्यात लागले, एक गवतात गेला. बेट्सीने दुर्बिणीचा स्क्रू थोडा डावीकडे फिरवला आणि पुढचे दोन्ही काळ्यात बसले. मग त्यांनी बंदूक घेतली, दुर्बिणीसकट.

गाडीची वाट बघत दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक मीताच्या मांडीवर होती. सावली त्यांच्या पायांपर्यंतच होती.

"पुढच्या वेळी मारीन," ती म्हणाली.

"मारशील."

एक मेंढ्यांचा ट्रक गेला. त्याची धूळ खाली बसायला बराच वेळ लागला.

"रंग कुठला होता त्याच्या डोळ्याचा?" फ्लोर्सने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने आयुष्यभर दुर्बीण लावली नव्हती, दुसऱ्याच्या जुन्या बंदुकीच्या नळीवरून नुसता नेम धरला होता.

"पिवळा," ती म्हणाली. "फिकट. भोवती लाल कातडी, ओली असल्यासारखी. आणि मधला काळा ठिपका लहान-मोठा होत होता."

"मला मानच दिसायची," तो म्हणाला. "मान आणि तिच्यामागचं आभाळ."

त्याने डोकं भिंतीला टेकवलं आणि डोळे मिटले.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "सावकाश."